मामा, खरं सांग: भाच्याचं रिमिक्स आणि चौदा चुकांची यादी

पत्र थोडक्यात: लिहिणारे नागपूरचे, वय 36. लग्नात, गणपतीत साउंड सिस्टीम लावायचा धंदा, त्याआधी आठ-दहा वर्षं बँडमध्ये कीबोर्ड. भाचा 16 वर्षांचा, यंदा अकरावी सायन्सला. सुट्टीत त्यानं लॅपटॉपवर टेट्रिस गेमच्या धूनचं इलेक्ट्रॉनिक रिमिक्स केलं, स्क्रीन रेकॉर्डिंग करून व्हॉट्सॲपवर पाठवलं आणि खाली लिहिलं, "मामा खरं सांग कसं झालं, गणपतीत आपल्या सिस्टीमवर वाजवशील का". मामा लिहितात, "ताई, मी ऐकलं आणि डोकं धरलं. किक (ड्रमचा खालचा धप्प ठोका) एवढी मोठी की बाकी काही ऐकूच येत नाही, कॉर्ड (एकत्र दाबलेले सूर) चुकीचे, पाच मिनिटं चाळीस सेकंदाचं गाणं, एकावर एक 31 ट्रॅक, शेवट तर नाहीच, मधेच बंद पडते. (सव्वादोन मिनिटाला सगळं थांबते आणि नुसता उरुसात वाजतो तो संदलचा ठेका येते, त्याच्यावर धून, तेवढं बरं आहे.) मी 14 चुकांची यादी केली, पाठवली नाही. बहीण म्हणते चांगलं म्हण, पोट्टा पहिल्यांदा कशात तरी रमून राहिला. भाऊजी म्हणतात भंगार आहे असं तोंडावर सांग म्हणजे अभ्यासाला लागेल. सारेगम तो आमच्या आईकडून शिकला, ती भजनी मंडळात पेटी वाजवते, तरी कॉर्ड चुकले! मागे एकदा मी किक कमी कर म्हणून सांगितलं तर ते दुरुस्त न करता त्यानं नवीनच गाणं करून पाठवलं, म्हणजे ऐकायची तयारीच नाही. आणि शेवटी हे दुसऱ्याच्या धूनवर केलेलं, त्यात याचं स्वतःचं काय? खरं सांगू का खोटं?" उत्तर न देता चार दिवस झालेत, ब्लू टिक मात्र गेलेली आहे.

दादा,

आधी ती ब्लू टिक. पोट्ट्याला माहीत आहे तुम्ही ऐकलं, आणि चार दिवस झाले तुम्ही गप्प. सोळाव्या वर्षी असली शांतता कशी ऐकू येते ते आठवून बघा, भाऊजींचं "भंगार" परवडलं असं होतं. त्यामुळे हे पूर्ण वाचायच्या आधीच त्याला दोन ओळी टाका: "ऐकलं रे, अजून दोनदा ऐकायचं आहे, ओरिजिनल फाइल पाठव, व्हिडिओ नको, डॉक्युमेंट म्हणून पाठव." यात खरंही आलं, खोटं काहीच नाही, आणि तुम्हाला श्वास घ्यायला वेळ मिळाला. फाइल खरंच मागा बरं का. स्क्रीन रेकॉर्डिंगचा व्हिडिओ व्हॉट्सॲप दाबून लहान करतं, त्यात आवाजाचंही भरीत होतं. तुमच्या यादीत सातव्या नंबरला "झांज फाटल्यासारखी" असं लिहिलंय, ती पोट्ट्याची चूक का व्हॉट्सॲपची हे आत्ता तुम्हालाही सांगता येणार नाही.

पाठवली? आता बसा.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि मला असं वाटतं की तुम्हाला तिघांनी तीन वेगवेगळे प्रश्न विचारलेत आणि तुम्ही तिन्हीचं उत्तर एकाच शब्दात द्यायला निघालात. भाच्यानं विचारलं गाणं कसं झालं. ताईनं, म्हणजे तुमच्या बहिणीनं, विचारलं पोराचं मन कसं राखू. भाऊजींनी विचारलं याला अभ्यासाला कसं लावू. "चांगलं आहे" म्हटलं की ताईला उत्तर मिळालं, "भंगार" म्हटलं की भाऊजींना मिळालं, आणि ज्यानं रात्री जागून 31 ट्रॅक लावले त्याला कुणीच काही सांगितलं नाही. गाणं त्याचं, प्रश्न त्याचा, तर उत्तरही पहिलं त्याचंच. ताई-भाऊजींकडे नंतर येते.

"खरं सांगू का खोटं" यावर माझा एक जुना किस्सा. मी पण ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचे, विदर्भभर फिरलो आम्ही, बसच्या टपावर स्पीकर बांधून. मी एकोणीस वर्षांची, नवीन. आमचे जे म्होरके होते ते प्रत्येक प्रोग्रामनंतर म्हणायचे, "वा, मस्त वाजवलं पोरी." दोन वर्षं म्हटलं. मी खूश, घरी आईला सांगायचे. एका रात्री साउंडवाला पोट्टा आजारी पडला म्हणून मी मिक्सरजवळ उभी राहिले तर तिथं चिकटपट्टीवर माझं नाव लिहिलेलं आणि त्या फेडरवर (आवाज वरखाली करायची सरकती पट्टी) दुसरी चिकटपट्टी लावून तो जवळजवळ तळाशी पक्का केलेला! म्हणजे दोन वर्षं मी वाजवत होते आणि लोकांना ऐकू जातच नव्हतं. डाव्या हाताचं माझं टायमिंग कच्चं होतं, एवढंच. कुणी एका शब्दानं सांगितलं असतं तर महिन्याभरात सुधारलं असतं. त्या "वा मस्त"चा मला आजही राग येतो, शिवीचा एवढा येत नाही. तर ताईचा "चांगलं म्हण" हा पर्याय माझ्याकडून बाद. पण यादीही पाठवू नका, का ते सांगते.

चौदा चुका दिसणं हा तुमच्या कानाचा मोठेपणा आहे, पोट्ट्याला त्याचा उपयोग शून्य. नवशिक्याला चौदा गोष्टी सांगितल्या तर तो सगळ्यात सोपी एक करतो, किंवा सगळं डिलीट करून लॅपटॉप बंद करतो. शिवाय तुमची यादी मी नीट बघितली तर त्यात चौदा चुका नाहीतच, फार तर तीन-चार असतील, बाकी त्यांचीच पिल्लं.

किकचंच घ्या. "किक मोठी", "बेस घोंगावतो", "झांज फाटते", "धून दबली", "सगळा आवाज वरखाली होतो", हे पाच मुद्दे तुम्ही वेगवेगळे लिहिलेत. पण मला सांगा, हे गाणं त्यानं केलं कधी? मे महिन्यात. कुठे? घरी. नवतप्यात नागपुरात कुणाच्या घरी कुलर बंद असतो? कुलरसमोर बसून, पन्नास रुपयांचे इअरफोन घालून तो मिक्स करत होता. कुलरची ती घोंघों खालचे आवाज खाते आणि पाण्याचा आणि वाऱ्याचा सूंसूं आवाज वरचे बारीक आवाज खातो, हे साउंडवाल्याला मी काय सांगू. त्यात ते इअरफोन, त्यांना खालचा बेस धड वाजवताच येत नाही. ऐकू येत नाही म्हणून तो किक वाढवत गेला, मग झांज ऐकू येईना म्हणून झांज वाढवली, मग धून, आणि शेवटी मास्टरचा, म्हणजे एकूण आवाजाचा, दिवा लाल होऊन सगळंच एकमेकांवर चढून बसलं. त्याच्या खोलीत त्याच्या कानाला ते बरोबरच वाजत होतं! उद्या तुम्ही "किक कमी कर" म्हणाल, तो ऐकेल, त्याला किक आधीच कमी वाटतेय, तो मनात म्हणेल मामाला काही समजत नाही.

यावर शब्द वाया घालवू नका. तुमच्याकडे गोडाऊन आहे, टॉप स्पीकर आहेत, बेसचे सब आहेत. एका सकाळी, उन्हाच्या आधी, त्याला स्कूटीवर बसवून न्या, एक टॉप एक सब जोडा, आवाज कमीच ठेवा, आणि त्याचं गाणं लावा. काही बोलू नका. मग त्याला आवडणारं कुठलंही चांगलं मिक्स केलेलं इलेक्ट्रॉनिक गाणं त्याच आवाजात लावा, मग परत त्याचं. माझी खात्री आहे तिसऱ्या वेळेला तो स्वतःच म्हणेल, "मामा किक जास्त होऊन राहिली का?" मग सांगा की बाळा, पहिले सगळे फेडर खाली घे, किकपासून एकेक वर आण आणि मास्टर शून्याच्या सहाएक डीबी खालीच राहू दे, मोठा आवाज करायला मामा बसला आहे इथं. आणि घरी मिक्स करताना दहा मिनिटं कुलर बंद. घाम आला तर येऊ दे.

आता ते कॉर्ड. टेट्रिसची धून आहे प, रे ग म, ग रे सा, सा ग प, म ग रे, आणि यातला गंधार कोमल. पोट्ट्यानं सॉफ्टवेअरमधला तयार कॉर्ड उचलून खाली ठेवला असणार, तो निघाला मेजर, म्हणजे खाली शुद्ध गंधार आणि वर कोमल, दोघं एकाच दारातून घुसायला भांडत आहेत. तुम्ही लिहिलंय आजीकडून सारेगम शिकून "तरी" चुकला. अहो, पेटीवर भजनाला कॉर्ड कुठे असतात? आजीनं त्याला धून शिकवली, ती त्यानं बरोबर बसवली आहे, तुमच्याच यादीत धून चुकल्याचा मुद्दा नाही! जे शिकवलं ते आलं, जे कुणी शिकवलंच नाही ते चुकलं. तर ही चूक तुम्ही सांगूच नका. दोघं आजीकडे जा, तिला पेटीवर ती धून वाजवायला लावा आणि भाच्याला म्हणा खाली तुझा कॉर्ड दाब. आजी दोन सेकंदात तोंड वाकडं करेल. त्या वाकड्या तोंडातून पोट्टा जे शिकेल ते तुमच्या माझ्या पाच परिच्छेदांतून नाही शिकणार, आणि चहा मिळेल तो वेगळाच.

31 ट्रॅकचं मात्र तुम्हीच सांगा, आणि ओरडून नाही, गोष्ट म्हणून सांगा. 1989 साली गेमबॉय या हातात धरून खेळायच्या डब्यावर ही धून घराघरात गेली, हिरोकाझू तनाका नावाच्या माणसानं ती त्या डब्यात बसवली. त्या डब्यात एका वेळी आवाज किती? चार. दोन चौकोनी लहरींचे ते टिपिकल टींटीं आवाज, एक छोटीशी लहर साठवून वाजवायची सोय, आणि एक नुसती खरखर, तिच्यावरच ड्रमचं काम भागवायचं. चार आवाजांत केलेलं ते काम आज पस्तीसहून जास्त वर्षांनी नागपूरच्या पोट्ट्याला रिमिक्स करावंसं वाटतं. मग त्याला एक खेळ द्या: 31 पैकी 27 म्यूट कर आणि चारातच गाणं उभं करून दाखव. धून, बेस, ठेका, आणि एक काहीतरी तुझ्या आवडीचं. ते उभं राहिलं की मग एकेक ट्रॅक परत चालू कर, आणि बंद केल्यावर ज्याची आठवण येईल तेवढाच ठेव. यात लांबीचा प्रश्न पण आपोआप सुटतो कारण पाच मिनिटं चाळीस सेकंद हे बहुतेक वेळा "अजून एक आवाज ऐकवायचा राहिला" यातून होतं. (आमच्याकडे वऱ्हाडात जेवणाची पंगत अशीच लांबते.)

"दुसऱ्याच्या धूनवर केलेलं, त्यात याचं काय", हे तुम्ही लिहिलंत तेव्हा मला हसू आलं, राग मानू नका. बँडमध्ये दहा वर्षं तुम्ही तरी कुणाच्या धून वाजवल्या? पण विनोद राहू द्या, ही धूनच बघा ना. ती गेम कंपनीत कुणी नव्यानं बनवलेलीच नाही. ते एकोणिसाव्या शतकातलं रशियन गाणं आहे, "कोरोबेनिकी" म्हणजे गावोगाव पाठीवर पेटी घेऊन कापडचोपड विकणारे फेरीवाले, आणि शब्द निकोलाय नेक्रासोव या कवीच्या 1861 च्या कवितेतले. फेरीवाला आणि पोरगी, भाव करणं, थोडं लाडीगोडीचं, आपल्याकडच्या लोकगीतात सहज बसेल असं. ते लोकांनी गायलं, मग गेममध्ये गेलं, मग 1992 मध्ये "डॉक्टर स्पिन" या नावाखाली याचंच डान्स व्हर्जन निघालं आणि ब्रिटनच्या चार्टमध्ये सहाव्या नंबरपर्यंत चढलं, त्यामागे कोण होतं तर अँड्र्यू लॉइड वेबर, मोठमोठ्या संगीत नाटकांचा संगीतकार. म्हणजे तुमचा भाचा ज्या रांगेत उभा आहे ती रांग बरीच जुनी आणि बऱ्यापैकी इज्जतदार आहे.

आणि नवशिक्यासाठी रिमिक्स हे "स्वतःचं नसलेलं" म्हणून कमी नाही, सोयीचं आहे. धून आधीच चांगली आहे हे ठरलेलं, त्यामुळे बिघडलं तर कुठे बिघडलं ते लगेच कळतं, आवाजात, ठेक्यात का कॉर्डमध्ये. स्वतःची धून असती तर तुम्ही म्हणाला असता मुळात धूनच बरी नाही, आणि विषय संपला.

आता तो मुद्दा ज्याच्यासाठी खरं म्हणजे मी हे पत्र निवडलं. तुम्ही कंसात लिहिलंय, सव्वादोन मिनिटाला सगळं थांबतं आणि संदलचा ठेका येतो, "तेवढं बरं आहे". कंसात! दादा, ताजबागच्या दर्ग्याच्या उरुसात आणि आपल्याकडच्या लग्नाच्या वरातीत जो ठेका वाजतो, ज्यावर नागपूरचं पोट्टं न पोट्टं नाचलेलं आहे, तो कुणीतरी रशियन फेरीवाल्याच्या धूनखाली नेऊन ठेवला, आणि तुमच्यासारख्या माणसाला, जो डोकं धरून बसला होता, त्या जागी ते बरं वाटलं. "त्याचं स्वतःचं काय" याचं उत्तर हे आहे, आणि ते तुम्हीच लिहिलंय फक्त कंसात टाकलंय. तो ठेका त्यानं कुठून आणला ते विचारा. माझा अंदाज, मोबाइलवर रस्त्यात रेकॉर्ड केला असणार, कारण आयत्या मिळणाऱ्या ठेक्यांत, म्हणजे तयार लूपमध्ये, संदल सहजासहजी मिळत नाही. तसं असेल तर हे पोट्टं भैताड नाही, चांगलं कानाचं आहे.

म्हणून त्याला सांगायचं काय, तर सुरुवात इथून. "छान आहे" असं नाही, नेमकं. "2 मिनिटं 15 सेकंदाला सगळं थांबवून संदल आणलास तिथं मी मान वर केली, हे तुला कसं सुचलं?" आपण चूक सांगताना सेकंदासकट सांगतो आणि कौतुक करताना मोघम, त्यामुळे पोरांना वाटतं कौतुक हे बोलायचं म्हणून आहे आणि चूक तेवढी खरी. कौतुक पण सेकंदासकट करा. मग दुसरा प्रश्न, "तुला यात काय करायचं होतं, नाचायला पाहिजे होतं का ऐकायला?" हा प्रश्न कुणी विचारतच नाही. त्याला नाचायला हवं असेल तर तुमच्या यादीतल्या अर्ध्या गोष्टी गैरलागू, ऐकायला हवं असेल तर उरलेल्या अर्ध्या. आणि मग एकच काम द्या: संदलचा तो तुकडा वीस सेकंदाचा आहे, त्याचं दीड मिनिट करून आण, त्यात चारच आवाज. बस. किक, कॉर्ड, लांबी, शेवट, यातलं काहीही आज बोलू नका. जो तुकडा चांगला आहे तो वाढवताना ह्या सगळ्या अडचणी त्याला स्वतःहून येतील आणि तेव्हा तो तुमच्याकडे येईल विचारायला, आणि विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर पोट्टे ऐकतात.

"ऐकायची तयारीच नाही" यावरून एक विचारते. तो कुठल्या सॉफ्टवेअरवर काम करतो? एफएल स्टुडिओ असेल (जुने लोक ज्याला फ्रूटीलूप्स म्हणतात) आणि ट्रायल व्हर्जन असेल तर त्याची एक गंमत आहे: प्रोजेक्ट सेव्ह होतो पण लायसन्स घेतल्याशिवाय परत उघडत नाही. गाणं एक्स्पोर्ट करता येतं, पण काल केलेल्या कामात आज किक कमी करता येत नाही. म्हणजे तुम्ही "किक कमी कर" म्हणालात, पोट्ट्यानं फाइल उघडून बघितली, उघडली नाही, विकत घ्यायला पैसे नाहीत आणि घरी मागायची सोय नाही, भाऊजींचं मत आपल्याला माहीत आहे. मग त्यानं काय केलं, नवीन गाणं केलं. तुम्हाला वाटलं अडेल आहे. मी असं म्हणत नाही की हेच झालं, पण विचारायला काय जातं. असंच असेल तर एलएमएमएस फुकट आहे, प्रोजेक्ट परत उघडतो, बँडलॅबही फुकट आहे. किंवा ट्रायलमधूनच प्रत्येक ट्रॅक वेगळा वेव्ह फाइलमध्ये काढून ठेवायचा आणि नंतर हव्या त्या सॉफ्टवेअरमध्ये एकाखाली एक लावून वरखाली करायचा, हा जुगाड चालतो. क्रॅक (चोरीची कॉपी) टाकून देतो म्हणणारा एखादा मित्र प्रत्येक क्लासमध्ये असतो, त्यात लॅपटॉपमध्ये काय काय घुसतं ते मामानं सांगून ठेवलेलं बरं, त्याच लॅपटॉपवर त्याची ऑनलाइन टेस्ट सिरीज असणार.

गणपतीत वाजवायचं का? वाजवा, पण आत्ता शब्द देऊ नका आणि आत्ता नाहीही म्हणू नका. "पोळ्याच्या आधी दीड मिनिटाचं तयार झालं तर एका संध्याकाळी वाजवू" एवढं म्हणा. पोळा, दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, मग दोन-तीन दिवसांत गणपती, म्हणजे सिस्टीमवर एकदा तपासून बघायला वेळ राहतो. मुख्य नाचाच्या वेळी, विसर्जनाला वगैरे नको. आरती झाल्यावर लोक प्रसाद घेत उभे असतात ना, त्या वेळात लावा, रात्री 10 ला आवाज बंद करायचाच आहे त्याच्या बराच आधी. कुणी लक्ष दिलं नाही तरी फार लागत नाही आणि चार पोट्टे संदलवर नाचले तर त्याचं वर्ष निघालं. आणि "आता ऐका आमच्या भाच्याचं रिमिक्स" असं माइकवर ओरडू नका हो. नुसतं लावा. कुणी विचारलं तर बोट दाखवा.

नेटवर टाकायची घाई तो करेलच. त्याला एवढं समजावून ठेवा की धून आणि तिचं रेकॉर्डिंग हे हक्क वेगवेगळे असतात, आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यातही तसेच. ही लोकधून जुनी आहे म्हणून ती स्वतः वाजवणं वेगळं आणि गेममधला मूळ आवाज कापून चिकटवणं वेगळं. मूळचा तुकडा वापरला असेल तर तो काढून स्वतः वाजवू दे, शिकणंही होईल. उद्या मारिओ गेमच्या धूनला हात घातला तर तिथं संगीतकार आहे, कंपनी आहे, तिथं लोकधूनवाली सूट नाही.

आता ताई. तिला सांगा की तू मला खोटं बोलायला लावू नको, पण तुझी काळजी खरी आहे, पोरगा रमला आहे हे मला पण दिसतं, आणि मी त्याला तोडणार नाही. ती तेवढ्यानं ऐकेल, बहिणी ऐकतात.

भाऊजी अवघड. भाऊजींना तुमच्या तोंडून निकाल पाहिजे, स्वतःच्या तोंडून नको, कारण मामाचं पोट्टं ऐकतं आणि बापाशी वाजतं. हे काम घेऊ नका. "भाऊजी, गाणं कसं आहे ते मी त्याला सांगतो, अभ्यास किती करायचा ते तुम्ही सांगा, माझ्या नावावर बिल फाडू नका" असं सरळ म्हणा, हवं तर तर्री पोहे खाता खाता म्हणा म्हणजे भांडण होणार नाही. ते म्हणतील गेमचं म्युझिक म्हणजे टाइमपास. त्यांना 1985 च्या सुपर मारिओची कोजी कोंडोनं केलेली धून 2023 मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं जपून ठेवायच्या रेकॉर्डिंगच्या यादीत घेतली, गेमच्या संगीतातली पहिलीच, हे सांगता येईल, पण सांगू नका, त्यांना काडीचा फरक पडणार नाही आणि तुम्ही भाच्याचे वकील झालात असं वाटेल. त्यापेक्षा व्यवहाराचं बोला: रविवारी सकाळचे दोन तास हा माझ्याकडे गोडाऊनला, बाकी आठवडा तुमचा. वायरी गुंडाळायला एक हात मिळाला तर तुमचंही बरंच होईल.

आणि मनातल्या मनात हे पण तपासा, की चौदा चुका लिहिताना तुम्हाला थोडी मजा आली होती का. मला येते. वर्षानुवर्षं दुसऱ्यांची गाणी ऐकून ऐकून कान एवढा तयार होतो की चूक सापडली की छाती फुगते. त्यात वाईट काही नाही पण ती फुगलेली छाती घेऊन पोट्ट्यासमोर बसू नका, तिला घरी ठेवून या. यादी फाडू नका मात्र. तारीख टाकून वहीत ठेवा, सहा महिन्यांनी त्याचं तेव्हाचं गाणं ऐकून त्यातल्या किती आपोआप खोडल्या जातात ते बघा. त्याला दाखवायची तर तेव्हा दाखवा, दोघं हसाल.

ज्या वाचकांना संगीतातलं काही कळत नाही आणि घरातल्या पोराचं किंवा पोरीचं असंच काहीतरी इअरफोनसकट हातात येतं, त्यांच्यासाठी: कळत नाही म्हणून "मला काय समजतं यातलं" असं म्हणून परत देऊ नका. तुम्हाला कॉर्ड कळत नसेल पण कंटाळा कळतो. कुठे मान हलली, कुठे मोबाइलकडे लक्ष गेलं, कुठे संपलं असं वाटलं आणि संपलं नाही, एवढं वेळेसकट सांगा. एका आत्यानं मला लिहिलं होतं की तिनं भाचीला फक्त "मला दुसऱ्या मिनिटाला भूक लागली" असं सांगितलं, आणि भाचीनं दुसरं मिनिट कापलं.

तर दादा, रविवारी सकाळी गोडाऊन. एक विनंती, मंडळाच्या पोट्ट्यांना त्याच दिवशी बोलावू नका, कुणी तरी एक जण "हे काय लावलं बे" म्हणेलच आणि मग सगळं केलेलं पाण्यात. पहिल्यांदा तुम्ही दोघंच. आणि तो संदलचा ठेका कुठला ते कळलं की मला कळवा, मला खरंच ऐकायचा आहे.